सर, पीई देऊ का? एफईपासून शिक्क्यापर्यंतचा सगळा रस्ता, सविस्तर

ऐरोलीच्या ऑफिसातून संध्याकाळी खाली चहाला उतरलं की कोणीतरी ज्युनिअर हमखास विचारतो, सर पीई देऊ का, फायदा होतो का. पीई म्हणजे अमेरिकेत इंजिनिअरचं लायसन्स मिळवायची परीक्षा, आणि एफई ही तिच्या आधीची पहिली परीक्षा. मी लगेच हो म्हणत नाही. मी उलट विचारतो, तू जे ड्रॉइंग करतोस त्याच्या कोपऱ्यातला गोल शिक्का कोणाचा आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. सहा-सहा महिने एका अमेरिकन प्रोजेक्टवर राबलेले असतात, टायटल ब्लॉकमध्ये "ड्रॉन बाय" समोर आपली आद्याक्षरं असतात, पण त्या शिक्क्यातलं नाव, नंबर आणि राज्य कधी वाचलेलंच नसतं. पहिली स्टेप हीच समजा. उद्या ऑफिसात गेल्यावर एक इश्यू झालेलं ड्रॉइंग उघडा आणि शिक्का वाचा.

मी स्ट्रक्चरलवाला. नवी मुंबईतूनच बीई सिव्हिल, मग अमेरिकेत एमएस, ह्यूस्टनला काही वर्षं नोकरी, टेक्सासचं लायसन्स, आणि नंतर आई-बाबांसाठी परत ठाण्याला. त्यामुळे खालचं सगळं थोडं सिव्हिलकडे झुकलेलं असेल, पण रस्ता सगळ्या ब्रँचना जवळपास सारखाच आहे.

हे लायसन्स आहे तरी काय

आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, इंजिनिअरसाठी देशभर लागू असा तसा कायदाच नाही, बीई झालं की आपण इंजिनिअर. अमेरिकेत तसं नाही. तिथे सार्वजनिक कामाच्या ड्रॉइंगवर सही-शिक्का मारायचा, स्वतःच्या नावाने इंजिनिअरिंगची सेवा द्यायची, तर राज्याचं लायसन्स लागतं आणि ज्याच्याकडे ते आहे तो प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे पीई. पहिला कायदा १९०७ साली वायोमिंग राज्यात झाला, कारण तिथे पाण्याच्या हक्कासाठी जे नकाशे यायचे ते वकील, नोटरी असे कोणीही काढायचे आणि खाली इंजिनिअर म्हणून सही ठोकायचे. टेक्सासचा कायदा मात्र फार मोठी किंमत मोजून आला. १८ मार्च १९३७ ला न्यू लंडन नावाच्या गावात शाळेच्या इमारतीखाली साठलेला गॅस फुटला, गॅसला वास नव्हता त्यामुळे कोणाला कळलंच नाही, आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक लहान मुलं. त्याच वर्षी टेक्सासने इंजिनिअरना लायसन्स सक्तीचं केलं आणि गॅसला वास घालणंही सक्तीचं केलं.

हे मी मुद्दाम लिहितोय. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला ४ एप्रिल २०१३ आठवत असेल, शिळफाट्याजवळ लकी कंपाऊंडमधली बेकायदा बिल्डिंग बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. तो शिक्का म्हणजे रेझ्युमेवरची दोन अक्षरं नाहीत, "हे उभं राहील, आणि नाही राहिलं तर जबाबदार मी" असं लिहून देणं आहे. परीक्षा त्या लिहून देण्याच्या आधीची पायरी.

आधी ठरवा की तुम्हाला लागणार आहे का

सिव्हिल, स्ट्रक्चरल, पॉवर, बिल्डिंगमधलं एचव्हीएसी (हीटिंग, एसी, हवा खेळवणं), फायर प्रोटेक्शन, पाणी-सांडपाणी, यात कन्सल्टिंग करायचं असेल आणि अमेरिकेत राहायचं असेल तर लागणारच, तिथे काही वर्षांनी पुढची जागा पीईशिवाय मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. कारण साधं आहे, फर्मला शिक्का मारणारा माणूस हवा असतो. याउलट कारखान्यात प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीत मेकॅनिकल किंवा केमिकलवाल्यांना बऱ्याच राज्यांत कायद्यानेच सूट आहे, तिथे आयुष्यभर पीईशिवाय छान करिअर होतं. सॉफ्टवेअरमध्ये असाल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

आणि महापे, ऐरोली, बेलापूरला बसून अमेरिकेची कामं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुम्ही पीई झालात म्हणजे इथे बनलेल्या कुठल्याही ड्रॉइंगवर शिक्का मारायला मोकळे, असं अजिबात नाही. ज्या कामावर तुमचं प्रत्यक्ष नियंत्रण होतं, निर्णय तुम्ही घेतले, त्यावरच मारता येतो. दुसऱ्याने तयार केलेलं नुसतं बघून शिक्का मारणं हा नियमभंग धरला जातो आणि लायसन्स जाऊ शकतं. कोणी "तू पीई कर, आपण शिक्का मारून देण्याचा धंदा करू" म्हणालं तर त्या माणसापासून लांब राहा.

रस्ता कसा आहे

क्रम असा: मान्य डिग्री, मग एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा, मग राज्याकडून इंजिनिअर इन ट्रेनिंगचा दाखला, साधारण चार वर्षांचा अनुभव, पीई परीक्षा, आणि शेवटी राज्याच्या बोर्डाकडे अर्ज. आता बऱ्याच राज्यांत अनुभव पूर्ण व्हायच्या आधीच पीईची परीक्षा देता येते, फक्त लायसन्स अनुभव झाल्यावर मिळतं. ज्यांना जमेल त्यांनी असंच करा, कारण लग्न, मुलं, घराचे हप्ते चालू झाल्यावर आठ तासांच्या परीक्षेचा अभ्यास किती जड जातो ते मी सोबतच्या लोकांचं बघितलंय.

इथे एक घोळ सगळ्यांचा होतो. परीक्षा घेते एनसीईईएस ही संस्था, लायसन्स देतं राज्याचं बोर्ड. दोघांचे नियम वेगळे, दोघांच्या फिया वेगळ्या. म्हणून सगळ्यात आधी राज्य निवडा आणि त्या बोर्डाच्या साइटवर परदेशी डिग्रीवाल्यांसाठी काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंगचे दोन वेगळे पेपर द्यावे लागतात. इलिनॉय आणि हवाईत स्ट्रक्चरलवाल्यांना एसई नावाची वेगळी, जास्त कठीण परीक्षा लागते. राज्य न ठरवता अभ्यासाला बसलात तर नंतर उलटं फिरावं लागतं.

भारतात राहून परीक्षा द्यायची असेल तर एनसीईईएसच्या साइटवर कुठल्या देशांत आणि कोणाला परीक्षा देता येते त्याची यादी असते, ती बघितल्याशिवाय पैसे भरू नका, विमानाचं तिकीट तर नकोच.

कागदपत्रं: याला अभ्यासाइतकाच वेळ द्या

बीई भारतातलं असेल तर बहुतेक राज्यं डिग्रीचं मूल्यमापन मागतात, ते एनसीईईएसच करतं आणि त्याची फी ४०० डॉलर आहे. ते काय बघतात, तर गणित आणि मूलभूत विज्ञानाचे ३२ सेमिस्टर क्रेडिट आणि इंजिनिअरिंग सायन्स-डिझाइनचे ४८. आपल्या बीईवाल्यांना इंजिनिअरिंगचे ४८ सहज भरतात, अडकलं तर गणित-विज्ञानात अडकतं, म्हणून पहिल्या दोन वर्षांचे मॅथ्सचे सगळे पेपर, फिजिक्स, केमिस्ट्री ट्रान्सक्रिप्टमध्ये नीट आलेत का ते स्वतः बघा. एमएस तिकडे झालंय म्हणून बीई कोणी विचारणार नाही असं समजू नका, विचारतात. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानण्याच्या देशांमधल्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा उपयोग तुमचा कोर्स त्या पातळीवर मान्यताप्राप्त असेल आणि तुम्ही मान्यतेच्या काळात पास झाला असाल तरच, शिवाय राज्य ते मानत असेल तर.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं, तुम्ही स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. अमेरिकेत बसून इथलं ट्रान्सक्रिप्ट काढायचं म्हणजे घरच्यांना पळवायचं. माझे बाबा त्या वेळी तीन वेळा खेटे घालून आले, दर वेळी एखादी मार्कशीटची झेरॉक्स कमी पडायची. जायच्या आधीच, इथे असतानाच दोन-तीन सीलबंद सेट आणि सगळ्या सेमिस्टरचा सिलॅबस काढून ठेवा.

आणि नाव! आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, मग आईचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर मुलींचं आडनाव बदललेलं. परीक्षेच्या सेंटरवर ओळखपत्रावरचं नाव आणि रजिस्ट्रेशनवरचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत आणि फी बुडते. अकाउंट उघडतानाच पासपोर्ट समोर ठेवून नाव टाका, मार्कशीट नाही. मार्कशीटचा फरक नंतर कागदपत्रं जोडून समजावता येतो, परीक्षेच्या दारात काही समजावता येत नाही.

एफई

११० प्रश्न, प्रत्यक्ष वेळ ५ तास २० मिनिटं, मध्ये २५ मिनिटांचा ब्रेक, सगळं धरून सहा तासांची बैठक. फी २२५ डॉलर. सात प्रकार आहेत: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर, केमिकल, एन्व्हायर्न्मेंटल, इंडस्ट्रियल, आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी अदर डिसिप्लिन्स. २०१४ पासून पूर्ण कॉम्प्युटरवर. वर्षभर देता येते, नापास झालात तर तीन महिन्यांच्या विंडोत एकदाच आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

पुस्तकं आत नेता येत नाहीत. स्क्रीनवर एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला त्यांचं हँडबुक, त्यात सर्च करायचं. हेच हँडबुक एनसीईईएसचं अकाउंट उघडलं की फुकट डाउनलोड होतं. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे की त्याची प्रिंट काढू नका. पहिल्या दिवसापासून लॅपटॉपवर सर्च करूनच वापरा, कारण परीक्षेत हातात कागद नसतो आणि कुठल्या शब्दाने सर्च केलं की नेमकं पान उघडतं हे बोटांत बसायला दोन महिने लागतात. आपण ब्रिटिश स्पेलिंगवर वाढलोय, सेंटर, मीटर, फायबर लिहिताना शेवटी आर-ई टाकतो, अमेरिकन हँडबुकात ई-आर असतं, मग सर्च रिकामा येतो आणि वाटतं फॉर्म्युलाच दिलेला नाही.

कॅल्क्युलेटर ठरलेलेच चालतात, पण आपलं नशीब चांगलं आहे, कॅसिओच्या मॉडेलच्या नावात ९९१ किंवा ११५ असलं की चालतो. म्हणजे फर्स्ट इयरला घेतलेला, मागे नाव कोरलेला तोच ९९१. नवीन घेऊ नका, ज्यावर हात बसलाय तोच न्या. रफ कामाला सेंटरवर पुसता येणारी वही आणि मार्कर देतात, मार्कर जाड असतो आणि त्यावर लिहायची सवय नसते, म्हणून घरी एखादी लॅमिनेट केलेली शीट घेऊन शेवटचे पंधरा दिवस तशीच प्रॅक्टिस करा.

पहिल्या वेळी मी नापास झालो. अभ्यास कमी नव्हता, अभ्यासाची जागा चुकली. स्ट्रक्चरमध्ये मला मजा यायची म्हणून मी तेच करत बसलो, आणि इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स, एथिक्स, स्टॅटिस्टिक्स, सर्व्हेइंग हे "होईल तेव्हा बघू" म्हणून सोडले. सिव्हिलच्या एफईमध्ये चौदा टॉपिक असतात आणि स्ट्रक्चर त्यातला एक. नापास झालं की टॉपिकप्रमाणे कुठे कमी पडलात त्याचा रिपोर्ट येतो, तो बघितल्यावर मला कळलं की जे पंधरा दिवसांत तयार होतं तेच मी सोडलं होतं. दुसऱ्या वेळी मी सुरुवातच इकॉनॉमिक्सपासून केली. शिवाय परीक्षा दोन भागांत असते, पहिला भाग सबमिट केला की परत मागे जाता येत नाही, आणि ब्रेकनंतरच्या भागाला किती वेळ उरतो हे तुमच्यावर. पहिल्या भागात मी एका ट्रसला अकरा मिनिटं दिली होती. प्रश्नाला सरासरी तीन मिनिटांच्या आतच वेळ आहे, म्हणून तीन मिनिटं झाली की अंदाजे उत्तर मारून फ्लॅग करून पुढे जायचं.

नोकरी करत असाल तर रोज दीड तास आणि रविवारी चार-पाच तास असे तीन-चार महिने धरा. ठाण्यात घरी जागा नसेल तर अभ्यासिका लावा, खरंच फरक पडतो. फायनल इयरला असाल तर मात्र आत्ताच द्या, सगळं ताजं असतं. निकाल साधारण सात ते दहा दिवसांत, फक्त पास किंवा फेल, मार्क सांगत नाहीत.

युनिट आणि कोड: इथे आपली माणसं अडकतात

आपण किलोन्यूटन आणि मेगापास्कलमध्ये विचार करतो. तिकडे किप, केएसआय, पीएसआय, बीटीयू. १ किप म्हणजे ४.४५ किलोन्यूटन, १ केएसआय म्हणजे १,००० पीएसआय, म्हणजे ६.९ मेगापास्कल, १ टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. पाठ करून भागत नाही, त्यांच्या युनिटमध्येच विचार करावा लागतो, प्रत्येक वेळी इकडे बदलून पुन्हा तिकडे गेलात तर वेळ संपतो. मेकॅनिकलवाल्यांनी पाउंड मास आणि पाउंड फोर्स यांच्या हिशेबात येणारा ३२.१७४ हा आकडा नीट समजून घ्या, अर्ध्या चुका तिथेच होतात.

सिव्हिलवाल्यांसाठी खरा सापळा वेगळा आहे, हाताला आयएस ४५६ ची, म्हणजे आपल्याकडच्या काँक्रीटच्या कोडची, सवय झालेली असते. साधं उदाहरण घ्या. वीस फुटांचा सिंपली सपोर्टेड बीम, फुटाला २ किप डेड लोड (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि १ किप लाइव्ह लोड (माणसं, सामान). अमेरिकन कोडप्रमाणे १.२ गुणिले २ अधिक १.६ गुणिले १, म्हणजे फुटाला ४ किप, मोमेंट ४ गुणिले ४०० भागिले ८, म्हणजे २०० किप-फूट. आपला हात आपोआप दोन्हीला १.५ लावतो, ४.५ किप येतात आणि मोमेंट २२५. पर्यायांमध्ये २२५ दिसलं की काही न बघता तेच टिक होतं. तसंच काँक्रीटचं, आपलं एम ३० म्हणजे १५० मिलिमीटरच्या क्यूबची स्ट्रेंग्थ, त्यांची सिलिंडरची, आणि तेच काँक्रीट सिलिंडरमध्ये साधारण ८० टक्के दाखवतं, म्हणजे आपलं एम ३० त्यांच्याकडे अंदाजे २४ मेगापास्कल, साडेतीन हजार पीएसआयच्या आसपास. प्रोजेक्टवर ही गफलत झाली तर काय होईल याचा विचार करा, परीक्षेपेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

पीई

८० प्रश्न, ८ तास, मध्ये ५० मिनिटांचा ब्रेक, फी ४०० डॉलर. प्रश्नाला सहा मिनिटं मिळतात, पण प्रश्नही तसेच असतात. सिव्हिलची परीक्षा २०२२ पासून कॉम्प्युटरवर आली आणि त्यात पाच पर्याय: स्ट्रक्चरल, जिओटेक्निकल, ट्रान्सपोर्टेशन, वॉटर रिसोर्सेस अँड एन्व्हायर्न्मेंटल, आणि कन्स्ट्रक्शन. मेकॅनिकलला तीन: एचव्हीएसी, मशीन डिझाइन, थर्मल-फ्लुइड. रोज जे काम करता तोच पर्याय निवडा, "सोपा कुठला" हे ऐकीव बोलण्यावर ठरवू नका.

स्क्रीनवर हँडबुकसोबत लागणारे कोडही देतात, पॉवरवाल्यांना एनईसी हा विजेचा कोड, स्ट्रक्चरलवाल्यांना भारांसाठी एएससीई ७, काँक्रीटसाठी एसीआय ३१८, स्टील मॅन्युअल वगैरे. कुठली आवृत्ती ते साइटवर लिहिलेलं असतं, जुन्या आवृत्तीवर अभ्यास करू नका, क्लॉजचे नंबर बदललेले असतात. मी तीनशे तासांच्या आसपास अभ्यास केला, त्यातले शेवटचे साठ-सत्तर तास फक्त वेळ लावून पूर्ण पेपर सोडवण्यात. आठ तास एका खुर्चीत बसणं ही वेगळीच तयारी आहे, किमान दोन रविवार सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असं बसून बघा.

अनुभव लिहिणं

परीक्षा पास झाले आणि अर्ज या टप्प्यावर परत आला, अशी माणसं मला माहीत आहेत. बोर्डाला अनुभव "वाढत जाणारा" हवा असतो, म्हणजे पहिल्या वर्षी जे केलं तेच चौथ्या वर्षी करत असाल तर ती चार वर्षं धरत नाहीत. "आमच्या टीमने पाइप रॅकचं डिझाइन केलं" असं लिहू नका. असं लिहा: "पाइप रॅकच्या ब्रेसिंगसाठी दोन पर्यायांची तुलना केली, वाऱ्याचा भार काढला, बेस प्लेट आणि अँकर बोल्ट डिझाइन केले, फाउंडेशनचा प्रकार जिओटेक रिपोर्टवरून सुचवला आणि तो मान्य झाला." क्रियापद तुमचं हवं आणि निर्णय तुमचा हवा. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दहा ओळी लिहून ठेवा, चार वर्षांनी आठवत नाही.

हा अनुभव शक्यतो पीईच्या हाताखाली हवा आणि तोच माणूस नंतर तो प्रमाणित करतो. इथल्या ऑफिसातल्यांनी अमेरिकेतल्या ज्या पीईसोबत रोज कॉल होतात त्यांच्याशी ओळख जपा, त्यांना तुमचं काम थेट दिसू द्या, नुसतं लीडमार्फत नको. मास्टर्सचं बरीच राज्यं एक वर्ष धरतात. टेक्सासमध्ये तीन पीईंचे रेफरन्स आणि एथिक्सचा एक छोटा ऑनलाइन पेपर लागतो.

लायसन्स आल्यावर एनसीईईएसकडे आपलं रेकॉर्ड तयार करून ठेवा, दुसऱ्या राज्याचं लायसन्स हवं असलं की सगळे कागद पुन्हा गोळा करावे लागत नाहीत. आणि ते जिवंत ठेवावं लागतं, टेक्सासमध्ये वर्षाला १५ तासांचं शिक्षण, त्यातला एक तास एथिक्सचा. मी परत आल्यावरही चालू ठेवलंय.

करिअरला काय मिळतं, आणि इथेच राहायचं असेल तर

मला काय मिळालं ते सांगतो. पगार वाढला, पण त्याहून मोठा बदल म्हणजे मीटिंगमध्ये क्लायंट थेट मला विचारायला लागला, आणि मीही उत्तर देण्याआधी दोनदा तपासायला लागलो. परत आल्यावर इथल्या ऑफिसात चेकिंग आणि लीडची जागा मिळाली ती त्यामुळेच, कारण तिकडच्या शिक्का मारणाऱ्याला काय प्रश्न पडणार हे मला आधी कळतं. पण इथे कायमचं राहायचं असेल, अमेरिकेची कामं करायची नसतील, तर एवढा खर्च आणि दोन-तीन वर्षं घालू नका असंच मी सांगेन.

इथे दोन गोष्टी जास्त उपयोगी. एक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं चार्टर्ड इंजिनिअर. ही १९२० ची संस्था, १९३५ ला रॉयल चार्टर मिळालेली, आणि व्हॅल्युएशन, मशिनरीचे दाखले अशा कामांत त्या सहीला किंमत आहे. दुसरं, महापालिकेकडची स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंदणी, आणि ठाणे-नवी मुंबईत काम करणाऱ्या सिव्हिलवाल्याने ती तर करावीच. वाशी, नेरुळच्या जुन्या सोसायट्या, नौपाड्यातल्या इमारती तीस वर्षांच्या पुढे गेल्यात, त्यांना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं आणि तो रिपोर्ट नोंदणी असलेल्या माणसाचाच चालतो. त्यासाठी अनुभवाची पत्रं लागतात, लेटरहेडवर, कामाच्या तपशिलासह. नोकरी सोडताना रिलिव्हिंग लेटरबरोबर तेही मागून घ्या, चार वर्षांनी त्या ऑफिसात तुम्हाला ओळखणारं कोणी उरलेलं नसतं.